लुगड्यास कात्री लावताना

पेसाह जवळ आला की आपल्या घरांतील कपाटे, खण आणि माळे रिकामे होऊ लागतात. हामेत्सचा कण शोधता शोधता पलंगाखालची जुनी ट्रंकही बाहेर ओढली जाते आणि तिच्या तळाशी हमखास लुगडी सापडतात. आई-आजीने भारतातून आणलेली, आता कोणी न नेसणारी ती नऊवारी वस्त्रे आपण हाती घेतो, त्यांवरून हात फिरवतो, पुन्हा घडी घालतो आणि ट्रंक पूर्ववत आत लोटतो. वाचक भगिनींनो, यंदा ती लोटण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढ्याचसाठी आजचे हे लेखन.

आम्हीही पुष्कळ वर्षे ट्रंक लोटणाऱ्यांपैकीच होतो. मातोश्रींचा रेशमी शालू आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिवापाड जपला. घरात लग्न निघाले. मेंदीच्या दिवशी तो मोठ्या हौसेने उघडला, तर जेथे जेथे घडी, तेथे तेथे रेशीम चिरलेले. एकाच घडीत वर्षानुवर्षे राहिलेले रेशीम त्या रेषेवर तुटते आणि प्लास्टिकमध्ये कोंडलेला ओलावा त्याची आणखी हानी करतो. धुतलेल्या साध्या सुती कापडात ते गुंडाळावे व वर्षातून दोनदा घडी मोडून निराळ्या जागी घालावी, ही साधी गोष्ट आम्ही पाळली नव्हती. उलट, मातोश्रींनी रोजच्या नेसणीतल्या सुती लुगड्यांची शिवलेली गोधडी अजूनही आमच्या घरी थंडीच्या रात्री अंगावर घेतली जाते. त्या दिवशी आम्ही ठरवले की, उरलेली सुती लुगडी ट्रंकेत कुजू द्यावयाची नाहीत.

हा बेत ऐकून आमच्या थोरल्या भगिनी रागावल्या. “अगं, आईच्या लुगड्याला कात्री लावतेस? तुझा हात तरी कसा धजतो?”

“ताई, आईनेसुद्धा आजीची लुगडी फाडूनच आपल्याला गोधड्या शिवल्या ना? तेव्हा तिचा हात धजलाच की.”

“ती गरज होती. ही तुझी हौस आहे.”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. कोकणातल्या त्या घरी जुनेर टाकून देण्याची ऐपत कोणाचीच नव्हती, हे खरे. अखेरीस पदर तेवढा ताईंनी कापून घेतला, पिशवीत घातला आणि चहा न घेताच त्या निघून गेल्या. उरलेल्या लुगड्यास आम्ही कात्री लावली, पण मन काही निर्धास्त नव्हते.

त्यातून प्रथम शिवले ते सेदेरच्या तीन मात्सांसाठी आच्छादन. कृती सोपी आहे. कापड आधी कोमट पाण्यात दोनदा धुवावे. जुन्या सुती वस्त्रात खळ राहिलेली असते. पेसाहच्या वस्तूसाठी तर ती काढून टाकणे अधिकच अगत्याचे. यंत्राने केलेला चौकोनी मात्सा सुमारे १८ सेंटीमीटरचा असतो, त्यासाठी २४ सेंटीमीटरचे चार चौकोन कापावेत. हाताने केलेला गोल मात्सा बराच मोठा असतो. तो मोजूनच माप ठरवावे. प्रत्येक चौकोनाची एक बाजू दुमडून बारीक टाक्यांनी शिवावी. मग त्या शिवलेल्या बाजू एका दिशेस येतील असे चारही चौकोन एकावर एक ठेवून उरलेल्या तीन बाजूंना कच्चा दोरा घालावा व वरून गोट लावून पक्के करावे. चार पदरांत तीन कप्पे आपोआप होतात. लुगड्याचा काठ वरच्या चौकोनावर आडवा लावल्यास निराळ्या भरतकामाची गरज राहत नाही. द्राक्षरसाचा डाग पडल्यास सण संपताच थंड पाण्याने धुवावा.

उरलेल्या कापडाची लहान गोधडी करावी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. विरलेला भाग वगळला तरी नातवंडासाठी चार-पाच थर सहज निघतात. सर्वांत विरलेले कापड मध्ये, धडके वर आणि खाली. थर सपाट पसरून आधी मोठे कच्चे टाके घालावेत, मग दोन दोन बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. दोरा ओढून घेऊ नये, कापड आक्रसते. मात्र एक सूचना: वर्षाच्या आतील बाळास झोपवताना पाळण्यात सैल पांघरूण नसावे, असे डॉक्टर आता सांगतात. तोवर ती गोधडी जमिनीवर अंथरावी व बाळास तिच्यावर आपल्या डोळ्यांसमोर खेळू द्यावे.

गोधडीत जाडीसाठी जुनी लोकरीची शाल घालण्याचा मोह होईल. अशा वेळी वरचे कापड लिननचे नाही ना, हे पाहावे. लोकर आणि लिनन एकत्र वापरणे म्हणजे शाटनेज. लेवीय १९:१९ आणि अनुवाद २२:११ येथे त्याची मनाई आहे. सूत आणि रेशीम यांना ती मनाई नाही, म्हणून आपल्या लुगड्यांपुरती चिंता नको.

आणि हे सर्व शब्बाथ सोडून. शब्बाथच्या दिवशी वर्ज्य असलेल्या एकोणचाळीस कामांच्या मिश्नेतील यादीत ‘दोन टाके घालणे’ असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या शिक्षिका-प्रशिक्षणात शिवणाच्या नमुन्यांची वही भरताना धीर खचला की आम्हांस हे वचन आठवे. दोन टाके घातले की शास्त्रानेही त्यास काम मानले. मग आपणच कमी का लेखावे? ज्या भगिनींना शिवण येत नाही, त्यांनी दोनच टाक्यांपासून आरंभ करावा.

सेदेरच्या रात्री ताई आल्या. मधला मात्सा मोडण्यासाठी आच्छादन पुढे ओढले गेले, तेव्हा त्यांची दृष्टी त्या काठावर खिळली. आमच्या नातीने तो कप्पा उघडला आणि हिब्रूत विचारले, हे कोणाचे? आम्ही उत्तर देण्यापूर्वीच ताई म्हणाल्या, “माझ्या आईचे.” मग मातोश्री ते लुगडे नेसून विहिरीवर कशा जात, हे त्यांनी मुलीला अर्धे मराठीत, अर्धे हिब्रूत सांगितले. मुलीला सारे कळले असेल असे नाही. पण तिने आच्छादन हातातून सोडले नाही.

निघताना ताई दारात थबकल्या. “असेच एक मलाही शिवून दे,” त्या म्हणाल्या. “पदर मात्र मी देणार नाही.”

आम्ही होकार दिला. कापड अजून उरले आहे.