घरगुती यंत्रविचार : गाडीखालचा डाग

अंगणांत गाडीखालीं तेलाचा काळा डाग दिसला म्हणजे घरांतील प्रत्येकास कांहींना कांहीं निदान सुचतें, आणि त्यांत अपराध बहुधा दुसऱ्याचाच निघतो. आमच्या हिंगोलीच्या घरीं गेल्या पौषांत हेंच झालें.

आमची गाडी अँबॅसडर. तिच्या कपाळीं अद्याप परभणीचाच क्रमांक आहे. कारण ती घरांत आली तेव्हां हिंगोली जिल्हा वेगळा झालेला नव्हता, तो १ मे १९९९ रोजीं झाला. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें या गाड्या २०१४ पर्यंत तयार होत असत. वाचकांपैकीं अनेकांच्या वराती त्यांतूनच निघाल्या असतील, तेव्हां अधिक ओळख नको. इंजिन धूर ओकूं लागलें म्हणून आम्हीं तें पावसाळ्याच्या तोंडीं उतरविलें. सिलिंडर बोअर करून आणले, नवे पिस्टन व रिंगा घातल्या, आणि तीस वर्षें आमचें काम पाहणाऱ्या मिस्त्रींनीं दिवाळीनंतर तें पुन्हां चढविलें.

पुढें लवकरच, इंजिन व गिअरपेटी जेथें जोडतात त्याच्या खालीं, ताटाएवढा डाग पडूं लागला. थोरले बंधू संतापले. इंजिन पुन्हां उतरवावयाचें, तेंही दुसऱ्याच्या हातून, आणि या मिस्त्रींस यापुढें दारांत उभें करावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. मिस्त्री येऊन पाहून गेले. "दादासाहेब, माझी चूक असेल तर मजुरी परत करतों," एवढेंच ते म्हणाले. इकडे शिवरात्रीस औंढ्या नागनाथाचें दर्शन घडवितों असें आम्हीं आत्याबाईंस कबूल केलेलें. आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षीं यात्रेच्या गर्दींत त्यांस एस. टी.नें नेणें शक्य नव्हतें.

मीं बंधूंजवळ दोन दिवस मागून घेतले.

तेल जेथें दिसतें तेथूनच तें गळतें असें नव्हे. तें खालीं उतरतें, आणि गाडी चालली कीं वाऱ्यानें मागें लोटलें जातें. म्हणून कोठचीही गळती अखेर मागेंच येऊन ठिबकते. यास्तव प्रथम सारें इंजिन रॉकेलनें धुऊन कोरडें केलें आणि त्यावर वहिनींच्या रांगोळीच्या डब्यांतील शंखजिऱ्याची पूड उडविली. (या खर्चाबद्दल मला दोन शब्द ऐकावे लागले.) नंतर गावाबाहेर एक फेरी मारून आलों. वरचें झाकण कोरडें. बाजूचीं दोन झाकणें मोठीं फसवीं असतात. मागचें पाझरलें तर तेल थेट मागें उतरतें आणि आळ क्रँकवर येतो. परंतु त्यांवरची पूडही पांढरी शुभ्र. तेलाच्या परातीची कडही तशीच. भिजली होती ती केवळ क्लचच्या घराखालच्या भोंकाजवळची जागा. म्हणजे बंधूंचें म्हणणें खरें, तेल क्रँकच्या मागल्या टोकांतूनच येत होतें.

पण कां येत होतें, हें त्यानें कळत नाहीं. या १४८९ सी. सी. इंजिनांत त्या टोकास रबराचें सील नसतेंच. क्रँकवर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात. क्रँक फिरतांना ते तेल आंत परत ढकलतात. ही सोय मूळच्या ब्रिटिश बनावटीची, आणि एखाददुसरा थेंब ती सोडावयाचीच. परंतु इंजिनाच्या पोटांत दाब सांचला तर त्या आट्यांचें कांहीं चालत नाहीं. पिस्टनच्या कडेनें थोडा वायु खालीं निसटतोच. नव्या रिंगा सिलिंडरशीं जुळेपर्यंत अंमळ अधिकच. त्यास बाहेर जाण्याकरितां बाजूच्या झाकणापासून एक नळी खालीं उतरविलेली असते.

दुसऱ्या दिवशीं गाडी जागेवरच चालू ठेवून खालीं वर्तमानपत्र पसरलें. तेल ओतण्याचें टोपण लावलेलें असतां पाव तासांत अकरा थेंब पडले. टोपण काढलें तों आंतून भसकन वाफ आली. कागद बदलला, आणि पुढच्या पाव तासांत एकच थेंब पडला. मोजणी पुतण्यानें केली व ती दोनदां पडताळून पाहिली.

नळी सोडवून फुंकली तर बंद! तार घातली तेव्हां वाळलेली माती आणि मेलेले कोळी बाहेर आले. कुंभारीण माशीनें आंत घर केलें होतें. पिलांसाठीं ती कोळी धरून मातींत कोंडून ठेवते, हें वाचकांस ठाऊक असेलच. इंजिन बाहेर गेलें तेव्हां बारीक सामान गॅरेजांत हरवेल म्हणून तें आमच्या ओसरीवर ठेवविलें होतें. आषाढापासून दिवाळीपर्यंत ती नळी तेथें उघड्या तोंडानें पडून होती. ठेवविणारे अर्थात् बंधूच. नळीच्या तोंडांत चिंधीचा बोळा घालण्याचें मलाही सुचलें नाहीं. बसवितांना फुंकून पाहावयास हवी होती, हें मिस्त्रींनीं आपण होऊन कबूल केलें.

बंधू त्या सायंकाळीं मिस्त्रींच्या घरीं गेले. काय बोलणें झालें तें दोघांनींही सांगितलें नाहीं. शिवरात्रीस पहांटे गाडी निघाली तेव्हां चाकावर मिस्त्री होते आणि शेजारीं आत्याबाई. औंढ्यास उतरतांच पुतण्यानें प्रथम गाडीखालीं वांकून पाहिलें. दोन थेंब होते.