शिट्टी नव्हे, फाटक हटवा

रुळांलगतच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला रात्री कोणती गाडी गेली, हे घड्याळ न पाहता सांगता येते. पनवेलकरांना याचा अनुभव जुना आहे. साठच्या दशकात दिव्याहून येथे लोहमार्ग आला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, त्याच वर्षी उपनगरी गाड्याही येथवर पोहोचल्या. एका बाजूस जुने गाव, दुसऱ्या बाजूस सिडकोने वसविलेले नवे पनवेल आणि मधून रूळ, अशी या शहराची रचना आहे.

निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाज ४५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. गाडीचा भोंगा ही मर्यादा सहज ओलांडतो. त्यातच रात्री जमिनीलगतची हवा थंड असल्याने ध्वनी खाली वळतो व दूरवर पोहोचतो. परीक्षार्थी, रुग्ण, पाळी करून परतलेला कामगार यांची तक्रार म्हणूनच न्याय्य आहे.

परंतु त्यासाठी चालकास दोष देणे अन्यायाचे होईल. फाटकाअलीकडचा फलक दिसताच शिट्टी वाजविणे हे त्याचे कर्तव्य आहे. भरधाव गाडी ब्रेक लावल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. अशा वेळी रुळांवरील माणसाला सावध करण्यास त्याच्या हाती दुसरे साधन नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात १९८४ नंतर अनेक फाटकांवर रात्रीच्या शिट्ट्या बंद करण्यात आल्या. तेथील रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले आणि १९९१ साली केंद्र सरकारला हस्तक्षेप करून शिट्ट्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. आज त्या देशात शांतता क्षेत्रे आहेत, पण ती फाटके सुरक्षित करण्याच्या अटीवरच.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. शांतता हवी असेल, तर शिट्टीचे कारणच नाहीसे केले पाहिजे. आपल्याकडे ब्रॉडगेजवरील चौकीदार नसलेली फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत बंद झाली. आता उरलेल्या फाटकांच्या जागी उड्डाणपूल वा भुयारी मार्ग व्हावेत आणि वस्तीलगत भिंत उभी राहावी. पादचारी पूल मात्र लोकांच्या नित्याच्या वाटेवरच हवेत. ते दूर असतील तर माणसे रूळच ओलांडणार. रेल्वे, राज्य शासन आणि महानगरपालिका यांनी एकमेकांकडे बोट न दाखविता ही कामे कालबद्ध रीतीने पार पाडावीत.

आपणही पाच मिनिटे वाचविण्यासाठी रुळांवर उतरणे सोडले पाहिजे. आपली झोप मोडणारी शिट्टी पुष्कळदा आपल्यापैकीच कुणाचा तरी जीव वाचविण्यासाठी वाजत असते.