आधी घराची किल्ली, मग बाकीचे

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात साधारण पंधरा वर्षांपूर्वी रस्त्यावर झोपणाऱ्या माजी सैनिकाला सरकारी मदतीचे कायमचे घर मिळायला ७२० दिवस लागत. मधे ७६ टप्पे. प्रत्येक टप्प्याला नवा अर्ज, नवी खिडकी, नवा साहेब. रात्री दचकून उठणारा, दारूच्या आधाराने झोपणारा माणूस दोन वर्षे या खिडक्यांपुढे नेमाने उभा राहील, असे कुणी गृहीत धरले होते कोण जाणे. शिवाय ज्याला पत्ताच नाही, त्याला बोलावण्याचे पत्र पाठवायचे तरी कुठे?

२०१२ मध्ये शहराने सगळ्यांना एका टेबलाशी बसवले. महापालिका, गृहनिर्माण प्राधिकरण, माजी सैनिक खाते, चर्चच्या संस्था, आश्रयगृहे. पुढे या जाळ्यात शंभरहून अधिक संस्था आल्या आणि सगळ्यांनी मिळून एकच यादी वापरायला सुरुवात केली. पहिल्या शंभर दिवसांत वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेल्या १०१ माजी सैनिकांना घरे मिळाली. २०२२ पर्यंत ७२० दिवसांचे ३२ झाले होते.

ह्यूस्टन एकटे नव्हते. अमेरिकेत दर जानेवारीत एका रात्री बेघरांची शिरगणती होते. २०१० मध्ये तीत सुमारे ७४ हजार माजी सैनिक सापडले होते. २०२४ मध्ये ३२,८८२. त्याच २०२४ च्या रात्री देशातल्या एकूण बेघरांचा आकडा मात्र ७,७१,४८० वर गेला, आधीच्या वर्षापेक्षा १८ टक्क्यांनी जास्त. एकाच देशात, त्याच महागड्या घरभाड्यांच्या बाजारात, बाकीच्यांची बेघरी वाढत होती आणि माजी सैनिकांची घटत होती.

सैनिकाविषयीचा आदर हे याचे कारण सांगितले जाते. पण आदर तर आधीही होता. विमानतळावर टाळ्या होत्या, संचलने होती, मोटारींवर पिवळ्या रिबिनी होत्या, आणि तरीही पुलाखाली सैनिक होता. बदलली ती व्यवस्था. २००८ पासून मोठ्या प्रमाणावर वाढवलेल्या एका योजनेत गृहनिर्माण खाते भाड्याचे व्हाउचर देते. माजी सैनिक आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडे भरतो, उरलेले सरकार भरते आणि माजी सैनिक खात्याचा एक केसवर्कर त्याच्या पाठीशी राहतो. अशी एक लाखाहून अधिक व्हाउचर आजवर दिली गेली. दारू आधी सोड, गोळ्या नियमित घे, मग घराचे बघू, ही जुनी अट या पद्धतीत काढून टाकली गेली. आधी घर. सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी ही पद्धत सुरू केली, तेव्हा अनेकांना हा वेडेपणा वाटला होता.

मात्र घर आणि कागद यांच्याही आधी एक काम झाले होते, ते सैनिकांनी स्वतः केले. व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गोल करून बसून एकमेकांशी बोलायला सुरुवात केली. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शॅटन हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात येऊन बसले. युद्धोत्तर मानसिक आघाताला अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत निदानसूचीत जागा मिळाली ती १९८० मध्ये, म्हणजे सैनिकांच्या बोलण्यानंतर दहा वर्षांनी. १९७९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने माजी सैनिकांसाठी ‘व्हेट सेंटर’ सुरू केली, ती मुद्दाम इस्पितळाबाहेर, बाजारपेठेतल्या दुकानांच्या गाळ्यांत. पांढरा कोट पाहून मागे फिरणारा माणूस तिथे यायचा, कारण समोर बसलेला समुपदेशक पुष्कळदा स्वतःच लढून आलेला असायचा.

सॅन दिएगोची गोष्ट याच वळणाची. व्हिएतनाममध्ये आघाडीवरून परतलेल्या तुकडीला सुरक्षित तळावर काही दिवस विसावा मिळे: गरम जेवण, अंघोळ, धुतलेले कपडे, घरची पत्रे. १९८८ च्या जुलैमध्ये काही माजी सैनिकांनी तोच प्रकार शहरातल्या बेघर सोबत्यांसाठी केला. मैदानात तंबू ठोकले. डॉक्टर, दंतवैद्य, न्हावी, वकील आणले. शेवटी आलेल्यांना विचारले गेले की सर्वांत मोठी अडचण कोणती. ५०० पैकी ११६ जणांनी सांगितले, कोर्टातली जुनी प्रकरणे.

वरवर पाहता हे उत्तर चमत्कारिक वाटते, पण बाकावर झोपलेल्याला पोलीस दंडाची पावती देतात. तो दंड भरत नाही, तारखेला जात नाही, मग वॉरंट निघते. वॉरंट असलेल्याला परवाना मिळत नाही, नोकरी मिळत नाही, घरमालक दारात उभे करत नाही. म्हणून पुढच्या वर्षी कोर्टच मैदानावर आले. न्यायाधीश आणि सरकारी वकील तंबूंच्या गर्दीत बसले आणि उपचार किंवा प्रशिक्षण घेतल्याची नोंद दंडाच्या बदल्यात धरली गेली. अमेरिकेतले बेघरांसाठीचे हे पहिले न्यायालय. समिती नेमून ही अडचण कुणालाही सापडली नसती. ती सापडली, कारण विचारणारे त्याच युद्धातून आले होते.

बफेलो शहरातले न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांचा अनुभव असाच. त्यांच्यापुढे व्हिएतनाममध्ये लढलेला एक सैनिक उभा राही, खाली मान घालून, हूं की चूं न करता. त्यांनी कोर्टात काम करणाऱ्या, त्याच युद्धात लढलेल्या दोन माजी सैनिकांना त्याच्याशी बाहेर जाऊन बोलायला सांगितले. थोड्या वेळाने तो परत आला तो ताठ उभा राहून, आणि आणखी प्रयत्न करीन म्हणाला. रसेल यांनी २००८ मध्ये माजी सैनिकांसाठी वेगळे उपचार न्यायालय उभे केले. तिथे प्रत्येक आरोपीबरोबर एक माजी सैनिक मार्गदर्शक असतो. आज अशी शेकडो न्यायालये आहेत.

घर दिले की आजार बरा होतो, असा दावा मात्र करू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा अशा घरांमुळे प्रकृती ठळकपणे सुधारते याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. घर मिळालेला माणूस घरात टिकतो, हे मात्र कॅनडाच्या पाच शहरांत दोन हजारांवर लोकांसह झालेल्या प्रयोगानेही दाखवले. टीकाकार पहिल्या निष्कर्षावर बोट ठेवतात आणि दुसरा विसरतात. जुलै २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने बिनअट घराच्या धोरणाचा सरकारी पाठिंबा काढून घेण्याची दिशा धरली. उपचाराची सक्ती आधी, घर नंतर. म्हणजे पुन्हा तीच जुनी अट, आणि तीही जे धोरण निदान माजी सैनिकांच्या बाबतीत आकड्यांच्या कसोटीवर उतरले होते, त्याच्याच जागी.

उलट जिथे खरोखर हात घालायला हवा होता, तिथे दशके गेली. लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वस्तीत १८८८ मध्ये दोन दात्यांनी सैनिकांच्या निवासासाठी जमीन दिली. आज तिथली ३८८ एकर जागा माजी सैनिक खात्याकडे आहे. एके काळी तिथे हजारो सैनिक राहत. मग इमारती ओस पडल्या आणि जमिनीवर विद्यापीठाचे बेसबॉल मैदान आले, एका महागड्या खासगी शाळेची क्रीडांगणे आली, तेलविहीरदेखील आली. २०११ मध्ये सैनिक कोर्टात गेले, २०१५ मध्ये तडजोड झाली, १,२०० घरांचे वचन मिळाले. ती घरे रखडली, आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर राष्ट्रध्वज लावलेल्या तंबूंची रांग उभी राहिली. २०२४ मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी या जागांचे भाडेकरार बेकायदा ठरवून आणखी अडीच हजारांवर घरे बांधायला सांगितले, तर खाते अपिलात गेले. मे २०२५ मध्ये याच जागेवर सहा हजार माजी सैनिकांची सोय करण्याचा अध्यक्षीय आदेशही निघाला. सैनिकाचे गोडवे गाणाऱ्या देशात सैनिकासाठीच दिलेली जमीन सोडवायला सैनिकालाच खटला भरावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठीचे सर्वांत परिचित काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन फाउंडेशनचे. त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची रीत म्हणजे उपचार करून माणसाला त्याच्या गावी, त्याच्या घरी पोचवणे. या रीतीचा आधार कुटुंब आहे. अमेरिकेत संसार तुटल्यावर घराची किल्ली सरकारकडून मिळावी लागते. सातारा-कोल्हापूरकडच्या फौजींच्या गावात परतलेल्या सैनिकाचा सगळा भार घरावर पडतो. बरेचसे जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतात, पुढे पहारेकऱ्याची नोकरी धरतात, आणि झोप उडालेली असली तरी फौजी माणसाने रडगाणे गायचे नाही, हे सगळ्यांना मान्य असते.

हा भार हलका करायला इथे नवे खाते काढायची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकाची नोंद असते, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात तो गोळ्या न्यायला येतो, महिन्याचा किराणा भरायला लष्करी कँटीनच्या रांगेत उभा राहतो. या तीनपैकी एका जागी आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षण घेतलेला एखादा निवृत्त हवालदार किंवा सुभेदार नुसता बोलायला बसवता येईल, आणि गंभीर वाटेल त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येईल. मानधन, एक खोली आणि दाराशी ‘मनोरुग्ण’ असा फलक न लावण्याचे शहाणपण, एवढ्यावर सुरुवात होते. पहिल्यांदा येईल ती बहुधा त्या फौजीची बायको. तिला ‘त्यांनाच पाठवा’ म्हणून परतवून लावायचे नाही, एवढी सूचना त्या हवालदाराला पहिल्याच दिवशी द्यावी लागेल.