संशोधन इंग्रजीत, जाहिरात मात्र मराठीत!

मित्रहो, पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात बाळंतपण जवळ आलं असेल किंवा एखाद्या लेकराला ऑटिझम असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

‘स्टेम सेल’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात कसा पोहोचला? जाहिरातीतून. बाळाच्या नाळेतलं रक्त बँकेत ठेवा, पुढे कामाला येईल. ऑटिझमच्या मुलाला स्टेम सेलचं इंजेक्शन द्या, फरक पडेल. सगळं शुद्ध मराठीत, हप्त्याच्या सोयीसह.

आता खरी माहिती. आईच्या पोटात एका पेशीपासून अख्खं लेकरू घडतं. ज्या पेशीपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात, ती मूळपेशी म्हणजेच स्टेम सेल. यावरचं संशोधन आपल्या पुण्यात होतं. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र तिथंच आहे. तळ्यातल्या पाण्यात राहणारा हायड्रा तुकडे केले तरी पुन्हा अख्खा कसा होतो, यावर आघारकर संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं काम झालंय. हा पैसा कुणाचा? तुमचा-माझा. भूमच्या दुकानात काडीपेटी घेणाराही कर भरतोच की!

पण निष्कर्ष छापले जातात इंग्रजी नियतकालिकांत. ‘सामान्य लोकांना हे कळणार नाही’ असं वर ऐकवलं जातं. का कळणार नाही? जेएस-३३५ आणि फुले संगम या सोयाबीनच्या वाणांमधला फरक आमचा शेतकरी बांधावर उभं राहून सांगतो. त्याला मूळपेशी कळणार नाही होय? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणतेय, त्यांना सलाम. पण सगळा भार एकाच संस्थेने किती दिवस वाहायचा?

ही रिकामी जागा विक्रेत्यांनी भरलीय. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण, म्हणजे आपण ज्याला बोन मॅरो बदलणं म्हणतो, तेवढाच मान्य उपचार आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ते १९८३ पासून होतंय. बाकी बहुतेक सगळं अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे. आणि प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखाची पावती फाडत असेल, तर तिथंच उठा.

दोन. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलंय. आपल्याकडच्या किती आईबापांपर्यंत हे पोहोचलं?

तीन. स्वतःच्या नाळेतलं रक्त स्वतःलाच लागेल याची शक्यता अगदी नगण्य. थॅलेसेमियासारखा जन्मजात आजार असेल, तर तोच दोष त्या साठवलेल्या रक्तातही असतो. मग त्याच बाळाला ते देऊन उपयोग काय?

संशोधन खोटं आहे असं मी म्हणत नाही. उद्या त्यातून मोठे उपचार निघतीलही. पण ‘उद्या होईल’ आणि ‘आज होतं’ यातलं अंतर लोकांना सांगणं हासुद्धा संशोधनाचाच भाग आहे. ते अंतर लपवून कुणीतरी धंदा करतं आणि इकडे एखाद्याचं एकर जातं, नाहीतर बायकोच्या अंगावरचं सोनं.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधनाचं एक पान मराठीत निघालं पाहिजे. काय सापडलं आणि काय अजून सिद्ध झालेलं नाही, दोन्ही त्यात हवं. जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या प्रत्येक प्रसूतिगृहात वरच्या तीन गोष्टींचा फलक लागला पाहिजे. आणि आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनी असल्या जाहिराती नाकारल्या पाहिजेत. जाहिरातीचं बिल महत्त्वाचं, पण वाचकाच्या लेकरापेक्षा नाही.

तुमच्या गावात असं पत्रक वाटलं गेलं असेल, तर फोटो काढून मला इनबॉक्स करा. तुमचं नाव कुठंही येणार नाही. आणि ही पोस्ट गावाच्या ग्रुपवर टाका, आशाताईंना आवर्जून पाठवा.