चोर सुटला, संन्यासी सुळावर!

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

दाभोळ हे नाव तुम्हांला नवे नाही. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे बाप, आजे याच बंदरात आगबोटीत चढले. काखेत वळकटी, हातात पत्र्याची ट्रंक, गाठीला भाकरी. भाऊच्या धक्क्याला उतरले, गाववाल्यांच्या खोलीत पथारी पसरली आणि बदली म्हणून साच्यावर उभे राहिले. शिमग्याला घरी परतायची वाटही तीच.

वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर बहामनी आणि आदिलशाही काळात परमुलखात गाजत होते. अलीकडे त्याचे नाव जगभर गाजले ते मात्र निराळ्या कारणाने. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने आपल्या वीज प्रकल्पाला दाभोळचे नाव दिले. प्रकल्प दाभोळात नाहीच! तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या अंगाला. नाव दाभोळचे, जमीन गुहागरची, नफा परक्या कंपनीचा आणि बिल महाराष्ट्राच्या माथी! आणि लाठी? लाठी मात्र आमच्या आयाबहिणींच्या पाठीवर!

त्या लाठीची आणि त्या तुरुंगाची गोष्ट आज सांगायची आहे. कारण ही गोष्ट एकट्या वेलदूरची नाही. ती तुमची आहे. तुमच्या आज्यापणज्यांनी ती १९०८ सालीच ओळखली होती.

पहाटेची धाड

३ जून १९९७. पहाटेची वेळ. वेलदूरच्या मच्छीमार वस्तीतले बाप्ये मासेमारीला समुद्रावर गेलेले. घरात बायका, पोरे, म्हातारीकोतारी. अशा वेळी पोलिसांचा ताफा वस्तीत घुसला. दरवाजे फोडले. बायकांना घरातून फरफटत बाहेर काढले, लाठ्यांनी झोडले आणि गाडीत कोंबले. मार खाणाऱ्यांत एक गरोदर बाई होती. सव्वीस बायकांना त्या पहाटे अटक झाली.

ही कुणा विरोधी पुढाऱ्याने सभेत सोडलेली थाप नव्हे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने जुलै १९९७ मध्ये हे सारे अहवालात छापले. ह्यूमन राइट्स वॉच या दुसऱ्या संस्थेने १९९९ साली अख्खे पुस्तकच लिहिले.

या बायकांनी असे केले होते तरी काय? बँक लुटली? कुणाचा गळा कापला? छे! त्यांचे म्हणणे साधे होते. खाडीचे पाणी बिघडेल, मासळी जाईल, मग आमच्या पोरांनी खायचे काय? हे म्हणण्यासाठी त्या मोर्च्यात चालल्या, रस्त्यावर बसल्या, घोषणा दिल्या. बस्स! एवढाच गुन्हा!

कुणी म्हणेल, "अहो, आंदोलन म्हटले की एखादा दगड पडतोच." पडला असेल. ज्याने टाकला त्याला पकडा, पुरावा आणा, खटला चालवा. आमची ना नाही. पण दगड टाकणारा सापडत नाही म्हणून अख्खी वाडी झोडपायची, हा कुठल्या देशाचा न्याय? प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन मुख्यतः शांततेचे होते आणि तरीही जमावबंदीचे हुकूम, प्रतिबंधक अटका आणि लाठीमार यांचा वरवंटा लोकांवर फिरत राहिला, हे त्या परदेशी संस्थांनीच लिहून ठेवले आहे.

त्याहून संतापाची गोष्ट ऐका. प्रकल्पावर राज्य राखीव पोलिसांची तुकडी ठेवलेली होती आणि त्या बंदोबस्ताचा पैसा कंपनी भरत होती! म्हणजे तक्रार कंपनीविरुद्ध, आणि तक्रार करणाऱ्याला पकडणाऱ्या शिपायाचा खर्च कंपनीच्या तिजोरीतून! गिरणीच्या फाटकावर मालकाचा पठाण उभा असायचा, ते परवडले. त्याच्या अंगावर निदान सरकारी वर्दी नव्हती!

काल बोलला तो मंत्री, आज बोलला तो कैदी

आता राजकारण बघा. एन्रॉनचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, काँग्रेसच्या राजवटीत. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना आणि भाजप यांनी या करारावर रान उठवले. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, अशी गर्जना झाली. लोकांनी मते दिली. मार्च १९९५ मध्ये युतीचे सरकार आले. ऑगस्टमध्ये करार रद्द केला. गावागावांत लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि पुढे? १९९६ च्या जानेवारीत तोच प्रकल्प, पहिल्यापेक्षा मोठा होऊन, मागल्या दाराने परत आला!

म्हणजे १९९५ साली जे शब्द बोलून माणसे मंत्री झाली, तेच शब्द १९९७ साली बोलणारी वेलदूरची बाई पोलिसांच्या गाडीत! शब्द तेच, विरोध तोच, प्रकल्प तोच. बदलले काय? बोलणारा बदलला. पुढाऱ्याच्या तोंडी जे जनतेचे गाऱ्हाणे, ते कोळणीच्या तोंडी शांततेचा भंग!

यात एका पक्षाला झोडपून दुसऱ्याला ओवाळायचे कारण नाही. एकाने करार केला, दुसऱ्याने तो मोडून पुन्हा जोडला. लाठीला पक्ष नसतो. ती खुर्चीवर बसलेल्याच्या हातात असते, एवढेच.

आणि चोर कुठे गेला?

मे १९९९ मध्ये प्रकल्पाची वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की राज्याच्या वीज मंडळाचे कंबरडे मोडायची वेळ आली. मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणे थांबवले, कारखाना बंद पडला. त्याच साली माधव गोडबोले समितीने करारातले दोष चव्हाट्यावर मांडले. म्हणजे रस्त्यावर बसलेल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायका खऱ्या ठरल्या आणि कोट-टायवाले शहाणे खोटे!

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोर झाली. खोट्या हिशेबांचा डोंगर उघडा पडला. कंपनीचा बडा अधिकारी जेफ्री स्किलिंग याला २००६ साली चोवीस वर्षे चार महिने कैद झाली. पुढे ती चौदा वर्षांवर आली आणि २०१९ मध्ये तो सुटला. पण ती शिक्षा कशाबद्दल? अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. वेलदूरच्या फोडलेल्या दरवाजांचा त्या खटल्यात उल्लेखही नव्हता.

आणि आपल्याकडे? या व्यवहारात भ्रष्टाचार झाला की नाही, याची तड लावा, म्हणून सीटू ही कामगार संघटना १९९० च्या दशकातच कोर्टात गेली होती. होय, कामगारांची संघटना! ते प्रकरण वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयात पडून राहिले. एप्रिल २०१९ मध्ये ते बंद झाले. का? तर आता फार काळ लोटला!

बंधूंनो, हिशेब मांडा. गरिबाच्या दारात कायदा पहाटे येतो, दार ठोठावायलाही थांबत नाही. बड्यांच्या दारात पोचायला त्याला वीस वर्षे पुरत नाहीत; आणि मग तोच म्हणतो, उशीर झाला, जाऊ द्या! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

सहा वर्षांना सहा दिवस

हे काही आजचे नाही. दाभोळ ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले चिखलगाव हे लोकमान्य टिळकांचे मूळ गाव. १९०८ साली 'केसरी'तल्या लेखांसाठी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. हातात शस्त्र नाही, बाँब नाही. होता फक्त टाक आणि शाई. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. दोघे हिंदी म्हणाले, निर्दोष. सातही गोरे म्हणाले, दोषी! आरोपी ज्या भाषेत लिहीत होता ती भाषा गोऱ्या ज्यूररांना येत नव्हती; तर्जुमा वाचून त्यांनी माणूस काळ्या पाण्याला लायक ठरवला! न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते! पाठ तीच, फक्त खाली खुर्ची दुसरी आली.

२२ जुलै १९०८ च्या रात्री निकाल लागला. दुसऱ्या दिवशी टिळकांचा वाढदिवस. आणि त्या दिवशी मुंबईच्या गिरण्यांत काय झाले, हे तुम्हांला दुसऱ्या कुणी सांगायला नको. भोंगे वाजले, पण साचे फिरले नाहीत. शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस, असे सहा दिवस गिरणगाव बंद राहिले. लष्कर आले, गोळ्या चालल्या, कामगार पडले. तरी संप मोडला नाही. तिकडे दूर देशात लेनिनने या संपाची नोंद घेतली.

त्या कामगारांत किती जणांना 'केसरी' वाचता येत होता? फार थोड्यांना. पण एक गोष्ट त्यांना अक्षरओळखीवाचून कळली होती. आज लिहिणाऱ्याला सहा वर्षे, तर उद्या पगार मागणाऱ्याला किती?

नाव बदलले, माप वाढले

तुम्ही म्हणाल, इंग्रज गेला, गोष्ट संपली. संपली काय? टिळकांना ज्या कलमाखाली शिक्षा झाली, ते १२४-अ स्वतंत्र भारतातही जिवंत राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवायला सांगितले. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि राजद्रोह हा शब्द गेला, म्हणून टाळ्या पिटल्या गेल्या. पण कलम १५२ उघडून बघा. जुन्या कलमात जन्मठेप किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होती. नव्यात जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत! पाटी नवी, दुकान तेच, माप मात्र वाढलेले!

आणि शिक्षेपर्यंत जायला तरी कशाला हवे? गरिबाला खटला हीच शिक्षा असते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तिघे असे होते, की ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता. जामिनाला सातबारा नाही, वकिलाला पैसे नाहीत. मोर्च्यात गेलेल्या माणसाची तारखेपायी हजेरी बुडते, पोराच्या नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत नाव निघते, आणि शेवटी पंधरा वर्षांनी साहेब म्हणतो, जा, निर्दोष! निर्दोष? मग ती पंधरा वर्षे कुणी भरून द्यायची?

गिरणी कामगाराला हे शिकवायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मान्यताप्राप्त युनियन तुमची नाही, सबब संप बेकायदा, असे ठरले. अडीच लाख कामगार एका ओळीत बेकायदा! पण पगारातून कापून घेतलेला फंड ज्यांनी भरला नाही, त्यांतले किती मालक गजाआड गेलेले तुम्ही डोळ्यांनी पाहिले? बोटे मोजा. हातच मुठीत राहील!

आमचे मागणे

आम्ही कायद्याविरुद्ध नाही. कायदा गरिबालाच जास्त लागतो. धनवानाला त्याचे पैसे राखतात. आमचे भांडण आहे ते दोन तागड्यांशी. म्हणून आमचे मागणे सरळ आहे.

निःशस्त्र मोर्चा, धरणे, लेख, भाषण यांसाठी कुणाला वर्षानुवर्षांची कैद होता कामा नये. शांततेच्या आंदोलनातले खटले मागे घ्यायचे असतील तर सर्वांचे घ्या. पक्षाच्या कार्यकर्त्याचा खटला पुसायचा आणि मच्छीमार बाईचा चालू ठेवायचा, हे चालणार नाही. खासगी कंपनीच्या पैशावर सरकारी पोलीस जनतेविरुद्ध उभे करणे कायमचे बंद करा. जमावबंदीचा हुकूम काढणाऱ्याने तो का काढला, हे त्याच दिवशी लेखी सांगावे. आणि लोकांच्या तिजोरीला भोक पाडणाऱ्या करारांचे खटले ठराविक मुदतीत निकालात निघावेत. काळ लोटला ही सबब चोराच्या बाजूने पुन्हा ऐकून घेतली जाणार नाही.

बंधूंनो, भगिनींनो, गिरण्यांचे भोंगे आता थांबले. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. पण तुम्ही आहात, तुमची पोरे आहेत, आणि हक्काच्या घरासाठी तुम्हांला आजही मैदानात उतरावे लागते. उद्या तुमच्याही मोर्च्यापुढे कुणी हुकूम वाचून दाखवील आणि म्हणेल, पांगा. त्या वेळी वेलदूरची ती पहाट आठवा. त्या बायकांच्या बाजूने तेव्हा मुंबईत साचे थांबले नाहीत, कारण साचेच फारसे उरले नव्हते. पण आवाज उरला आहे. १९०८ च्या कामगाराला लोकमान्यांचा लेख वाचता येत नव्हता, तरी तो त्यांच्यासाठी सहा दिवस उपाशी राहिला. आपल्याला तर वाचता येते. मग हे पान घरी नेऊन मोठ्याने वाचा, शेजाऱ्याला वाचून दाखवा, आणि गावी जाल तेव्हा दाभोळच्या जेटीवरून खाडीपलीकडे बोट दाखवून पोरांना विचारा:

नाव आपले, खाडी आपली, मार आपल्याला. मग न्याय तेवढा दुसऱ्याचा का?

गिरणी कामगारांच्या एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!