शांतीचा बाजार आणि देवापाशी एकांत

हल्ली शांती विकत मिळू लागली आहे. भ्रमणध्वनीवर ती दहा मिनिटांची मिळते, कचेऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात तासाभराची मिळते, आणि तिच्या सेवनाने काम अधिक उरकते असे तिचे विक्रेते सांगतात. ह्या व्यवहाराशी आमचे भांडण नाही. थकलेल्या मेंदूला विसावा मिळत असेल तर तो खुशाल मिळो. आमची तक्रार निराळी आहे. दिवसातील काही ठरलेला वेळ शास्त्रपाठ व प्रार्थना ह्यांसाठी देवापाशी निवांत बसण्याचा जो नेम ख्रिस्ती भक्तिजीवनात पूर्वापार चालत आला आहे, तोही आता ह्याच दुकानात मांडला जात आहे. मांडणारे कोणी परके नाहीत, आमच्याच व्यासपीठावरील उपदेशक आहेत. रोज पाव तास प्रभूपाशी बसा, म्हणजे चिंता पळेल, झोप लागेल, असे ते आश्वासन देतात. औषधाच्या बाटलीवर शोभणारे हे आश्वासन शुभवर्तमानात कोठे आहे, हे त्यांनी दाखवावे.

शुभवर्तमानात काय आहे ते पाहू. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम गावची हकीकत आहे. संध्याकाळी साऱ्या गावाने आपले रोगी आणून दाराशी गर्दी केली होती. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठला, निर्जन स्थळी गेला आणि प्रार्थना करू लागला. शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधीत तेथे पोहोचले आणि सर्व लोक तुझा शोध करीत आहेत, असे सांगू लागले. येशू त्या गर्दीकडे परत गेला नाही. आसपासच्या गावी जाऊन उपदेश करणे हेच आपले काम आहे, असे सांगून तो निघाला. पहाटेच्या त्या एकांतातून विश्रांती निपजली नाही. आपले काम कोणते ह्याचा निर्णय निपजला. ज्यांच्या टेबलावरील प्रत्येक कागदावर ‘तातडीचे’ असा शेरा असतो, त्या आपल्या वाचकांना ह्या निर्णयाचे मोल निराळे सांगावयास नको.

दुसरा प्रसंग गेथशेमाने बागेतला. माणूस तोच, सवयही तीच. परंतु त्या रात्री प्रार्थनेत त्याला भय आणि व्याकुळता ह्यांनी ग्रासले. हा प्याला टळावा म्हणून त्याने पित्याची विनवणी केली. त्या बागेत त्या घटकेला स्वस्थता कोणाला असेल, तर ती झोपी गेलेल्या शिष्यांना होती. मात्र धरावयास आलेल्या लोकांपुढे जो निश्चल उभा राहिला तो जागा असलेला होता. झोपलेले तेवढे पळाले. चित्ताची स्वस्थता आणि देवाची शांती ह्यांतला भेद ह्याहून स्पष्ट कसा दाखवावा?

ह्यावर उलट बाजूचा आक्षेप येतो. जगात अन्याय माजला असता डोळे मिटून बसणे हा पळपुटेपणा होय, असे म्हटले जाते. हा आक्षेप नवा नाही. हिटलरशाहीपुढे न झुकणाऱ्या जर्मन प्रॉटेस्टंट मंडळीने पाळक घडविण्यासाठी फिंकनवाल्डे येथे एक पाठशाळा चालविली होती. १९३५ पासून तिचे चालक असलेले डीट्रिख बोनहोफर विद्यार्थ्यांना रोज सकाळी अर्धा तास मौन पाळून एकाच शास्त्रभागावर मनन करावयास लावीत. तोच भाग आठवडाभर चाले. विद्यार्थी कुरकुरले. कार्ल बार्थ ह्यांच्यासारख्या थोर धर्मपंडितालाही १९३६ साली ह्या पद्धतीत मठवासी वृत्ती डोकावते की काय, अशी शंका आली. परंतु ही पाठशाळा निरुपद्रवी आहे असे गेस्टापोला वाटले नाही. १९३७ साली तिला टाळे लागले.

१९३९ च्या जून महिन्यात बोनहोफर अमेरिकेत सुरक्षित होते. तेथे राहण्याची सोय होती, मित्रांचा आग्रहही होता. तरी परत जाण्याकडे मनाचा कौल झुकत होता. अशात शास्त्र वाचताना पौलाने तीमथ्याला केलेली विनवणी समोर आली: हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर. ते शब्द दिवसभर पाठ सोडीनात, अशी नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. जुलैत ते जर्मनीस परतले. १९४३ साली त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे फाशी. एकांताने त्यांची सुरक्षितता काढून घेतली. पळपुटेपणाचा आरोप करणाऱ्यांनी आणि झोपेची हमी देणाऱ्यांनी, दोघांनीही, ह्या जीवनाचा हिशेब द्यावा.

आता आपणा परप्रांतस्थांविषयी. बदलीच्या गावी एकाकीपणा फुकट मिळतो. एकांत मात्र कमवावा लागतो. रविवारची उपासना कोठे तमिळ, कोठे हिंदी, कोठे इंग्रजी. मायबोलीत देवाचा शब्द ऐकावयाचा तर खोलीतील मराठी शुभवर्तमान उघडण्यावाचून गत्यंतर नाही. ते रोज उघडावे. ठरलेल्या वेळी उघडावे, मन लागो वा न लागो. त्यात कधी समाधान लाभेल, तर कधी सहकाऱ्याशी धरलेला अबोला, गावाकडील आईला न धाडलेले पत्र, वरिष्ठांच्या मर्जीसाठी लिहिलेला खोटा शेरा, हे सारे पुढ्यात येऊन उभे राहील. त्या दिवशी उठताना मन अस्वस्थ असेल. नेम फसला असे समजून पुस्तक मिटू नये. तो त्या दिवशीच सुरू झाला असे समजावे.

मग शांती मिळतच नाही काय? मिळते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना आपली शांती देऊ केली आणि जग देते तशी ती नव्हे, असेही बजावले. तो हे बोलला ती रात्र त्याच्या अटकेची होती. ती शांती देवाशी सरळ झालेल्या नात्याची आहे. तो शेरा दुरुस्त केल्यावर, ते पत्र टपालात टाकल्यावर तिची ओळख पटते. तिच्यासाठी पाव तास पुरेल, असे कोणी सांगू नये.