मधल्या शून्याचे गणित

२५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन. १९१२ साली याच तारखेला फार्मासिस्टांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मेडिकलच्या काउंटरपलीकडे उभ्या असलेल्यांना शुभेच्छा. बोलायचे आहे ते अलीकडे उभ्या असलेल्या आपल्याविषयी.

चिठ्ठीवर ‘१-०-१’ असते. सकाळी एक, रात्री एक, हे शाळकरी पोरालाही कळते. मधले शून्य का, हे मात्र कुणी विचारत नाही. गोळी पोटात गेली की यकृत आणि मूत्रपिंडे तिला बाहेर काढण्याच्या मागे लागतात. रक्तातले औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे त्याचा अर्धायुकाल. पॅरासिटामॉलचा दोन-तीन तासांचा, म्हणून ताप पुन्हा चढतो आणि गोळी पुन्हा लागते. थायरॉइडच्या नेहमीच्या गोळीचा जवळजवळ सात दिवसांचा! म्हणून ती दिवसाला एकच पुरते, आणि डोस बदलला की रक्ततपासणी साधारण सहा आठवड्यांनी. आठवडाभरात ‘गुण नाही’ म्हणत डॉक्टर बदलणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलेच नसते.

छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट जिभेखाली धरायला सांगतात, तेही उगाच नव्हे. गिळलेल्या गोळीला आधी यकृताचा जकात नाका लागतो आणि तिथे तिचा बराच भाग कापला जातो. जिभेखालची नाका चुकवून थेट रक्तात उतरते.

राहता राहिली मात्रा. औषध आणि विष यांत फरक असतो तो मात्रेचा, हे युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने बजावले. आपल्याकडे कुणी वठणीवर आला की ‘मात्रा लागू पडली’ म्हणतात. औषध लागू पडले असे नाही. भाषेला जे ठाऊक आहे ते आपण घरच्या औषधांच्या डब्यापाशी विसरतो. अंग तापले म्हणून पॅरासिटामॉल, नाक गळते म्हणून वर सर्दीची गोळी. त्या सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉलच असते. धडधाकट प्रौढाला दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम. ती सतत ओलांडली तर भुर्दंड यकृताला, आणि तोही सुरुवातीला मुकाट्याने. दोन्ही पाकिटे उलटी करून घटक वाचले असते तर?

पण वाचणार कशावर? ‘चारच द्या’ म्हटले की काउंटरवर कात्री चालते. हे लिहिताना टेबलावर असाच चार गोळ्यांचा तुकडा पडला आहे. मागे चंदेरी कागदावर ‘…टामॉल ५०० मि.ग्रॅ.’ एवढेच उरले आहे. मुदत संपण्याची तारीख दुकानातल्या अर्ध्या पट्टीवर राहिली.